हंगामातली इंग्रजी बाई

परवा पहाटे मळीचा वास आला आणि कळलं, कारखान्याचं गाळप सुरू झालं. नातसुनेनं खिडक्या लावून घेतल्या, वर उदबत्ती पेटवली. म्हणाली, "आजी, इतकी वर्षं ह्यो वास कसा सोसला ओ तुम्ही? नाक धरून बसायचा व्हय?"

मी म्हटलं, "दोन्ही हात पिठात असल्यावर नाक कशानं धरायचं?"

ती हसली. मी काही हसण्यासाठी बोलले नव्हते.

गुळाची ढेप भिजून आंबावी तसा हा वास. लोक म्हणतात हंगाम गोड असतो. ऊस गोड असतो, साखर गोड असते. हंगाम कुणाला गोड लागला ते मला ठाऊक नाही. वास आला की माझे गुडघे आधी दुखायला लागतात, मग खांदे, मग मनगटं. शरीराला आठवण ठेवायला पाटी-पेन्सिल लागत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. त्यातलं बरंचसं विसरले, पण हंगाम विसरता आला नाही.

कोल्हापूरजवळ बावड्यात कारखान्याच्या रस्त्याला आमचं घर होतं. पुढची खोली, मधली खोली, मागं चूल. चुलीपाशी माझी खानावळ. हंगामापुरती कामाला आलेली माणसं आमच्याकडं जेवायची, त्यांना मेंबर म्हणायचं. भोंगा झाला की एक पाळी सुटायची, दुसरी लागायची आणि दोन्ही पाळ्यांना भूक एकाच वेळी लागायची. दाराबाहेर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, गाडीवानांच्या शिव्या, आणि आत माझ्या भाकरीची थापथाप. मला कुणी विचारलं असतं की तू कोण, तर मी थापथाप असं सांगितलं असतं.

आमच्या मालकांचा धंदा स्पीकर भाड्यानं देण्याचा. लग्न, बारसं, जत्रा, काहीही असलं की मशीन, कर्णा, माईक आणि रेकॉर्डची पेटी घेऊन ते जायचे. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्यांचा आवाज मोठा करून करून स्वतःचा आवाज मात्र त्यांना कधी सापडला नाही. चार माणसांपुढं बोलायची वेळ आली की समोरचा म्हणेल ते खरं, असा स्वभाव.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ होऊन गेला होता आणि ऊस पुन्हा उभा राहिला होता. मालक एका रविवारी जुन्या बाजारातून रेकॉर्डची एक पेटीच घेऊन आले. कुणी परदेशी माणसं कोल्हापूर सोडून गेली होती, त्यांचं सामान विकायला निघालं होतं. पेटीत बँडबाजे होते, त्यांची भजनं होती, फुटक्या रेकॉर्डी होत्या, आणि तळाला ही बाई. कव्हरवर तिचा फोटो. पायरीवर बसलेली, पुरुषाचा ढगळ सदरा घातलेली, अनवाणी, केस न विंचरलेली. हातात कप. फोटो काढणाऱ्याकडं ती बघतच नव्हती.

मालक म्हणाले, "इंग्लिश हाय. लग्नात चालायची न्हाय."

मी म्हटलं, "तोंड धुऊन तरी बसायचं होतं बाईनं."

त्याच हंगामात वत्सला आली. वत्सला माझी धाकटी नणंद. नदीकडच्या एका गावात दिली होती. दिवाळीला माहेरी आली आणि सण झाल्यावर परत जायचं नाव काढेना. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पोर नव्हतं. एकदा पीठ मळताना तिच्या बाहीखाली डाग दिसला, अर्ध्या चंद्रासारखा.

"कशाचा गं?"

"तव्याचा."

"तुझ्या हातनं?"

तिनं पिठाला आणखी पाणी घातलं. पीठ सैल झालं, मी ओरडले आणि तो विषय तिथं संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे. मालकांना मी डागाचं सांगितलं, तर ते म्हणाले, "बगू. पावणं येतील न्यायला, तवा बोलू." त्यांचं बोलू म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. पाव्हणे येणार, पाव्हण्यांना मटण करायचं, जेवताना चार शब्द व्हायचे आणि पोरगी त्यांच्या मागून एस.टी.त बसायची. आमच्यात ताटावर बसलेला पाव्हणा जेवून उठला की बोलणं पक्कं झालं असं धरतात. त्यानंतर कुणी काही काढायचं नाही. त्यामुळं वत्सला जाणार की राहणार, हे एका जेवणावर होतं, आणि जेवण करणार होते मी.

दुपारची पंगत उठली आणि भांडी घासून झाली की पुढची पाळी येईपर्यंत थोडा वेळ मिळायचा. तेवढ्यात मी पिठाच्या पोत्याला टेकून डोळे मिटायचे. मालक बाहेर असले की वत्सला पुढच्या खोलीत जाऊन ती रेकॉर्ड लावायची. कसं लावायचं ते तिनं भावाचं बघून शिकून घेतलं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी तरी शेजारच्या खोलीत पोराला झोपवतंय. ढोल नाही, ताशा नाही, बाई ओरडत नाही. बाजाच्या पेटीसारखं काहीतरी हळू वाजतंय आणि त्यावर ती बोलल्यासारखं गातेय.

"ह्येला गाणं म्हणत्यात?" मी विचारलं.

"असू दे की वैनी," वत्सला म्हणाली.

मला ते गाणं आवडलं असं मी म्हणणार नाही. आजही म्हणत नाही. पण एक कळलं. माझी आई जात्यावर गायची तेव्हा तिला कुणी ऐकावं म्हणून गायची नाही. जातं जड असतं, एवढंच कारण. ही बाई तशी गायची. हिच्याकडं जातं नसणार, पण काहीतरी जड ओढत होती. भाषा येत नसल्याचा एक फायदा असतो. माणूस खोटं कुठं बोलतो ते कळत नाही, पण दमलाय कुठं ते बरोबर कळतं. हंगामात व्होल्टेज उतरायचं. उतरलं की प्लेयर सावकाश फिरायचा आणि बाईचा आवाज जड होऊन खाली खाली जायचा, जशी बोलता बोलता झोप लागावी. मग लाईट जोर धरायची आणि ती दचकून उठल्यासारखी पुन्हा गायला लागायची. वत्सला म्हणायची, "बगा, तुमच्यावाणीच हाय."

मेंबरांत कारखान्याचे एक केमिस्ट होते. सांगलीकडचे, पन्नाशीचे, चष्म्याचे, कमी जेवणारे. त्यांना इंग्रजी यायचं. एक दिवस वत्सलेनं कव्हर त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी हात धुतले, पुसले, मग घेतलं. कव्हरच्या कोपऱ्यात शाईनं एक नाव होतं, त्यावर काट मारलेली आणि खाली दुसरं नाव.

"दोन्ही बायकांची नावं आहेत," केमिस्ट म्हणाले. "आधी हिची असेल, मग हिची."

"आणि आता आमची," वत्सला म्हणाली. "मागं काय लिवलंय?"

"सगळी गाणी हिनंच लिहिलीत. चालीही हिच्याच."

"सगळी?"

"असं लिहिलंय खरं."

"म्हंजे कुणी दिली न्हाईत तिला गायला?"

"नाही."

वत्सलेनं कव्हर परत घेतलं आणि फोटोकडं असं बघितलं, जणू आधी बघितलाच नव्हता. मग तिनं त्यांना रेकॉर्ड ऐकवली. ते मान वाकडी करून ऐकत राहिले. "उच्चार वेगळे आहेत हो, मला नीट लागत नाहीत," म्हणाले. "ह्यात कुणीतरी घर सोडून गेलंय. ही गेलीय का तो गेलाय, ते नाही कळत." एका गाण्याला मात्र ते हसले. "हे नुसतं भांडी घासण्याबद्दल आहे. सगळे जेवून गेलेत, ही एकटी भांडी घासतेय, पाणी गार आहे. बास. एवढंच."

"आत्ता गं बया!" वत्सला म्हणाली. "म्हंजे तिकडं बी खरकटं हाय की!"

आणि ती हसली. दिवाळीला आल्यापासून पहिल्यांदा. मीही हसले. केमिस्ट गडबडले, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. त्यानंतर भांडी घासताना पाणी फार गार लागलं की आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो.

संक्रांत झाली आणि पाव्हणे आले. न कळवता आले. वत्सलेचा सासरा, डोक्याला पटका, आवाज असा की बैल आपोआप चालावेत. मागं तिचा नवरा, बघायला गरीब. पोरांना बिस्किटाचा पुडा आणला होता.

त्या दिवशी मालकांनी दुसऱ्या दिवशीच्या जत्रेसाठी नवीन वायर तपासायला काढली होती. वायर लांब होती, म्हणून कर्णा त्यांनी मागच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाच्या झाडावर बांधला होता, तोंड घरापासून लांब, गाड्यांच्या रांगेच्या शेपटाकडं. मशीन पुढच्या खोलीत. वत्सलेनं विचारलं, "दादा, वायर बगायचीच हाय तर ही लावू?" आणि मालकही कामाच्या नादात हो म्हणाले. त्यामुळं ती इंग्रजी बाई त्या दुपारी लिंबावरून अख्ख्या बावड्याला ऐकू गेली. आमच्याकडं कर्णा वाजला म्हणजे कुणाच्या तरी घरी कार्य असतं. शेजारची पारूबाई, म्हशीवाली, हात पुसत मागच्या दारात आली. "काय गं, कशाचं कार्य? आणि ह्ये कोण रडतंय?"

तेवढ्यात पुढून आवाज आला, "हायसा काय घरात?"

मालक धावले. "या या, मामा! वत्से, बंद कर ती बाई!" माईक तपासायला हातात घेतला होता, तो त्यांनी तसाच बाजेवर ठेवला. वत्सलेनं रेकॉर्डवरची पिन उचलली आणि पदर घेऊन आत आली. मशीन बंद करायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासरा बाजेवर बसला, माईकच्या शेजारी.

मालकांनी पोराला पिटाळून मटण आणवलं होतं, मी त्याला फोडणी दिली होती. पारूबाई चुलीपाशी टेकली होती. पुढं पाणी झालं, ऊस कसा आहे, पाणी कसं आहे, हे झालं. मग सासरा मुद्द्यावर आला आणि त्याचा आवाज मला पुढून यायच्या आधी मागून आला. लिंबावरून.

"पोरगी बऱ्या बोलानं पाठवा. तोडणीला माणूस न्हाय."

मी थबकले. पारूबाईनं वर बघितलं. वत्सला दाराआड उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. पुढच्या खोलीतल्यांना ते कळायचं नव्हतं. मध्ये दोन भिंती, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, वर कारखान्याची घरघर, आणि सासऱ्याचा स्वतःचा आवाज. मला उठून जाता आलं असतं. मालकांना खूण केली असती की झालं असतं. पण माझ्या तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली.

"मारलं मारलं म्हणती," लिंबाचं झाड बोलत होतं. "बाईच्या जातीला हात लावल्याबिगर वळण लागतंय व्हय? ह्याच्या आईला मी काय कमी बडीवली?"

रस्त्यावरच्या गाड्यांकडून कुणीतरी शीळ घातली.

"आन् सांगून ठिवतो. पोराला दुसरी बायकू बगितलीया. ती आली की ही भाईरचं बगंल. खाऊन पिऊन ऱ्हाईल कोपऱ्यात. आमी काय टाकत न्हाय तिला."

मग झाडावरून आमच्या मालकांचा आवाज आला, बारीक, चिरका, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. "व्हय मामा. तुम्ही म्हणशीला तसं. जेवा आन् घिऊन जावा."

वत्सला तिथंच खाली बसली. रडली नाही. तिनं फक्त बाही खाली ओढून घेतली, जिथं डाग होता तिथं. ते बघून मला जे वाटलं त्याला राग म्हणतात का, मला माहीत नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो, आणि मी पहाटेपासून उभी होते. मी तवा खाली उतरवला. चुलीतली लाकडं मागं ओढली. त्यावर पाणी ओतलं. धूर झाला.

पारूबाई मात्र दमलेली नव्हती. ती मधल्या खोलीतून तडक पुढं गेली, आणि तिच्या मागून, गल्लीतून, आणखी बायका आल्या. दारात उभ्या राहिल्या.

"काय वं पावणं," पारूबाई म्हणाली, "तुमच्या म्हातारीला बडीवलेली आमाला झाडावनं कळली. आता म्हातारीला बी कळवावं म्हंतो."

सासऱ्याला काही समजेना. मग मालकांचं लक्ष मशीनच्या लाल दिव्याकडं गेलं आणि तिथून बाजेवर. त्यांचा चेहरा मी दारातून बघितला. तसा चेहरा मी पुन्हा कधी बघितला नाही, आणि बघायची इच्छाही नाही. त्यांनी माईक उचलला, तेव्हा कर्णा केवढ्यानं तरी किंचाळला आणि रस्त्यावरचे बैल बुजले.

"ह्यो डाव केला व्हय आमच्यावर!" सासरा उठला. "ह्या घरचं पाणी बी नगं!"

"पाणी पिऊन झालंय तुमचं," मी दारातून म्हटलं. "जेवण न्हाय. चूल इझली."

ते गेले. गाडीवानांनी त्यांना रस्ताभर काय काय ऐकवलं ते मी इथं सांगत नाही. मटण संध्याकाळच्या पाळीनं खाल्लं. मेंबर म्हणाले, "आक्का, आज काय इशेष?" मी म्हटलं, "गिळा गप."

मालक बरेच दिवस बहिणीशी बोलले नाहीत. रागानं नाही, लाजेनं. तिला जा म्हणालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, आता राहा म्हणायला तोंड नव्हतं. गल्लीतली पोरं त्यांना बघून "व्हय मामा, व्हय मामा" म्हणायची. धंद्याला गेले तरी लोक आधी विचारायचे, "माईक बंद हाय न्हवं?" मला त्यांची कीव यायची आणि यायचीही नाही. वत्सलेला कुणी काही विचारलं नाही. ती पहाटे उठायची, भाकऱ्या थापायची, आणि पाव्हण्यासारखी भिंतीकडेला झोपायची. पुन्हा कधी कोण येईल आणि कुणाचं काय ठरेल, ह्याची धास्ती तिच्या पाठीत दिसायची. मी काही तिला धीर दिला नाही. मला धीर द्यायला येत नाही. मी तिला काम दिलं.

पुढच्या गोष्टी लोक विचारतात म्हणून सांगते. तिकडून कुणी आलं नाही. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली म्हणे. वत्सला माझ्याबरोबर खानावळीत म्हातारी झाली. सुख झालं का तिला? मला नाही वाटत. माहेरी राहिलेल्या बाईला जे जे ऐकावं लागतं ते तिनं ऐकलं, आणि माझ्या तोंडूनही कधीकधी ऐकलं. हंगामामागून हंगाम तिचीही मनगटं गेली. नवऱ्याच्या घरी राबली असती तशीच इथं राबली. फरक इतकाच की इथं तवा भाकरीसाठी होता. हा फरक केवढा मोठा, ते ज्याच्या अंगावर डाग आहे त्यानं सांगावं.

रेकॉर्ड फार टिकली नाही. चुलीच्या बाजूला राहून ती वाकली, वाडग्यासारखी झाली. मालक म्हणाले, गेली कामातून. वत्सलेनं ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून घातली. मी विचारलं, "वाईट न्हाय वाटत?" तर म्हणाली, "वाजली तेवढी वाजली की." कव्हर उंदरांनी खाल्लं. त्या बाईचं नाव केमिस्टनी वाचून दाखवलं होतं, पण आमच्या कुणाच्या जिभेवर ते बसलंच नाही. आम्ही तिला बाईच म्हणायचो. जिवंत असेल तर तीही आता माझ्यासारखीच असेल. तिचेही गुडघे असतील.

त्या वर्षीचा हंगाम लांबला होता. उन्हं तापली तरी ऊस संपेना. गाळप चालू असताना आमच्याकडं धुणं बाहेर वाळत घालत नाहीत. धुराड्यातून काळ्या राखेची भुरी पडते, धुतलेलं कापड पुन्हा धुवावं लागतं. सगळं घरातच, दोरीला, ओलसर, मळीच्या वासाचं. शेवटी एकदा भोंगा बराच वेळ वाजत राहिला, गावानं ओळखलं की गाळप आटोपलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडं एवढी शांतता की कानाला दडे बसल्यासारखं झालं. मला झोप लागली. कितीतरी महिन्यांनी दिवस वर आल्यावर जाग आली.

परसात गेले. वत्सलेनं सासरहून आणलेलं बोचकं त्या दिवसापर्यंत सोडलं नव्हतं. दिवाळीपासून दोन लुगड्यांवर दिवस काढत होती आणि मला ते कळलंही नव्हतं. आता तिनं ते सगळं धुतलं होतं. सगळी लुगडी, चोळ्या, एक सतरंजी. आमच्या दोरीवर आमच्या कपड्यांना सरकवून तिनं आपले कपडे घातले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मालक दात घासत उभे होते आणि दोरीकडं बघत होते.

"जागा पुरंना व्हय गं?" ते म्हणाले. पाव्हणे उठून गेल्यापासूनचे तिच्याशी त्यांचे पहिले शब्द.

"न्हाय पुरत," वत्सला म्हणाली.

त्यांनी चूळ भरली, घरात गेले, आणि कर्ण्याची जुनी वायर आणून लिंबापासून न्हाणीच्या खांबापर्यंत तिच्यासाठी दुसरी दोरी बांधायला लागले.